खडूचे वर्तुळ आणि तिसरी खुर्ची

एका मुलावर दोघांनी हक्क सांगावा आणि शहाण्या न्यायाधीशाने एका युक्तीने खऱ्याखोट्याचा निवाडा करावा, ही कथा माणसाने फार जुन्या काळापासून जपून ठेवली आहे. पाली जातकसंग्रहातील महाउम्मग्ग जातकात महोसध पंडित जमिनीवर रेघ ओढतो, मुलाला त्या रेघेवर ठेवतो आणि आई व यक्षिणी या दोघींना त्याला आपापल्या बाजूस ओढावयास सांगतो. मूल कळवळून रडू लागताच जिचे हात सुटतात, ती आई ठरते. बायबलातील शलमोन राजा रेघेऐवजी तलवार मागवतो. चीनमधील युआन राजवटीच्या काळात ली शिंगताओ याने लिहिलेल्या नाटकात बाओ नावाचा न्यायाधीश खडूने वर्तुळ आखून मुलाला त्यात उभे करतो. साधन बदलते, देश बदलतो, कथेचा गाभा मात्र तोच राहतो : जी सोडते, ती खरी.

ही कथा ऐकताना श्रोत्याला जे समाधान लाभते ते न्यायाचे असते, अशी आपली समजूत असते. जरा थांबून पाहिले तर ते समाधान बरेचसे कथेच्या रचनेतून आलेले दिसते. यक्षिणी मुलाला खाण्यासाठी पळवीत होती. शलमोनापुढील दुसऱ्या स्त्रीचे स्वतःचे मूल मरण पावले होते. चिनी नाटकातील थोरल्या पत्नीने तर नवऱ्याला विष घातले होते. दोघींपैकी एक खोटी आहे हे आपल्याला आरंभापासून ठाऊक असते. प्रश्न एवढाच उरतो की न्यायाधीशाला ते कळते की नाही. म्हणजे परीक्षा होते ती न्यायाधीशाच्या बुद्धीची. मूल हे त्या परीक्षेचे साहित्य असते, आणि परीक्षा संपली की त्याच्या दुखावलेल्या दंडांविषयी कोणी एक वाक्यही लिहीत नाही.

कौटुंबिक न्यायालयाच्या दारात येणारी प्रकरणे या साच्यात बसत नाहीत, याचे कारण अगदी साधे आहे. तेथे दोघेही खरे असतात. आईही खरी, बापही खरा. मुलावर दोघांचाही जीव असतो आणि एकमेकांविषयी दोघांच्याही मनात कडवटपणा असतो. अशा ठिकाणी रेघ ओढून काय सिद्ध होणार? ज्या पालकाला मुलाची ओढाताण पाहवत नाही आणि जो दोन पावले मागे सरतो, त्याला महोसध भेटतोच असे नाही. उलट, ज्याने घट्ट धरून ठेवले तो काही महिन्यांनी सांगू शकतो की मूल आता माझ्याकडेच रुळले आहे, त्याची शाळा येथेच आहे, त्याला हलवू नये. हे सांगणे खोटे असतेच असेही नाही. जुन्या कथेने सोडणाऱ्याला बक्षीस दिले. व्यवहारात ते बहुधा धरून ठेवणाऱ्याच्या पदरात पडते. साहित्य आणि न्यायालय यांच्यातील हे अंतर समजून घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मराठी रंगभूमीला ही कथा अपरिचित नाही. बर्टोल्ट ब्रेख्तच्या 'कॉकेशियन चॉक सर्कल' या नाटकाचे चिं. त्र्यं. खानोलकर यांनी 'अजब न्याय वर्तुळाचा' या नावाने रूपांतर केले आणि विजया मेहता यांनी जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्या सहकार्याने गेल्या शतकाच्या आठव्या दशकात ते रंगमंचावर आणले. ब्रेख्तने मूळ नाटक १९४४ साली अमेरिकेत निर्वासित असताना लिहिले. त्याच्यापुढे ते चिनी नाटक आणि क्लाबुंड या जर्मन लेखकाने १९२५ साली केलेले त्याचे रूपांतर होते. ब्रेख्तने कथेत एक मोठी उलथापालथ केली. चिनी नाटकात जन्मदात्री जिंकते. ब्रेख्तच्या नाटकात मूल मिळते ते ग्रुशा नावाच्या मोलकरणीला. बंडाच्या गोंधळात राज्यपालाची बायको आपल्या पोशाखांची निवड करता करता मुलाला विसरून गेली होती, आणि ग्रुशाने त्याला डोंगर-दऱ्या ओलांडून वाढवले होते. अझ्दाक हा विक्षिप्त न्यायाधीश दोनदा वर्तुळाची परीक्षा घेतो आणि ग्रुशा दोन्ही वेळा हात सोडते.

रक्ताच्या नात्यापेक्षा सांभाळण्याचे कष्ट श्रेष्ठ, हा या नाटकाचा आशय आपल्या समीक्षेने पुष्कळदा सांगितला आहे आणि तो योग्यच आहे. मात्र दोन गोष्टींकडे तितकेसे लक्ष गेलेले दिसत नाही. पहिली गोष्ट मालमत्तेची. राज्यपालाची विधवा आईच्या हृदयाच्या गोष्टी सांगत असते आणि तिचा एक वकील मध्येच बोलून जातो की इस्टेटीचे उत्पन्न मुलाच्या नावाशी बांधलेले आहे. ब्रेख्तने हे विनोदासाठी लिहिले असले तरी मुलांच्या प्रकरणांत काम करणाऱ्या कोणालाही ते विनोदी वाटणार नाही. घर कोणाचे, पोटगी किती, दागिने कोणाकडे, हे प्रश्न मुलाच्या प्रश्नाला असे चिकटलेले असतात की 'मूल मला हवे' या वाक्यातील किती भाग मुलाविषयी आहे, हे बोलणाऱ्यालाही नेहमी उमगत नाही. ते गुंते एकेक करून वेगळे करणे, हे मध्यस्थाचे पहिले काम.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हे नाटक खडूच्या वर्तुळापासून सुरूच होत नाही. त्याला एक प्रास्ताविक प्रवेश आहे आणि अनेक प्रयोगांत तो गाळला जातो. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या एका कॉकेशियन खेड्यात दोन सामुदायिक शेतसंस्थांचे लोक एकत्र बसले आहेत. वाद एका दरीच्या मालकीचा आहे. जुने रहिवासी मेंढपाळ-गवळी. हिटलरच्या फौजा येताना ते दरी सोडून दूर गेले होते आणि आता त्यांना परत यायचे आहे. शेजारच्या बागाईतदारांनी त्या दरीत पाणी खेळवून फळबागा फुलवण्याची योजना आखली आहे. राजधानीतून पुनर्रचना समितीचा प्रतिनिधी आला आहे, पण तो निकाल देत नाही. तो बसतो आणि ऐकतो. गवळी आपले चीज चाखायला देतात आणि सांगतात की नव्या ठिकाणच्या गवताला ती चव नाही. त्यांच्या दुःखाला कोणी हसत नाही. नकाशे उलगडले जातात, आकडे मांडले जातात, आणि शेवटी गवळी दरी सोडायला राजी होतात. त्यानंतर पाहुण्यांच्या मनोरंजनासाठी वर्तुळाचे नाटक सादर होते.

हा प्रवेश म्हणजे मध्यस्थीची एक बैठकच आहे. तिसरा माणूस निर्णय लादत नाही. दोन्ही बाजूंना आपले गाऱ्हाणे पुरते मांडता येते. हरवलेल्या गोष्टीबद्दलचा शोक आधी ऐकून घेतला जातो. आणि 'हे कोणाचे' या प्रश्नाऐवजी 'याचे पुढे काय व्हायचे' हा प्रश्न मध्यभागी येतो. ब्रेख्तचा राजकीय हेतू वेगळा होता आणि गवळ्यांनी इतक्या सहजपणे दरी सोडावी हे अनेकांना पटलेले नाही, हेही खरे. तरीही एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. या नाटकात जमिनीचा वाद बोलून मिटतो आणि मुलाचा वाद ओढून मिटतो. ज्या वस्तूला वेदना नाही तिच्यासाठी संवाद, आणि ज्या जिवाला वेदना आहे त्याच्यासाठी रस्सीखेच. रंगभूमीला रस्सीखेच अधिक मानवते, म्हणून तो प्रास्ताविक प्रवेश गळतो. आपल्या मनातूनही तो तसाच गळलेला आहे.

आपल्या भाषेनेही येथे थोडी चूक केली आहे. मुलाच्या संदर्भात आपण 'ताबा' हा शब्द सर्रास वापरतो. 'मुलाचा ताबा मागितला', 'ताबा आईकडे दिला'. हाच शब्द आपण शेताच्या बांधाला, भाड्याच्या खोलीला आणि जप्त केलेल्या मालाला लावतो. ताबा मिळवायचा म्हटले की दुसऱ्याला बेदखल करणे आपोआपच आले. १९७३ सालच्या एका निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने मुले ही आईबापांची चीजवस्तू किंवा खेळणी नव्हेत, असे स्पष्ट केले. परंतु अर्जाच्या शीर्षकातला शब्द अजून तोच आहे. मराठीत 'सांभाळ' हा सुंदर शब्द असताना आपण तो मागे का टाकला, याचा विचार व्हावयास हवा. सांभाळ दोघांना वाटून घेता येतो. ताबा वाटताना वस्तू तोडावी लागते. कुशल मध्यस्थ पहिल्याच बैठकीत शब्द बदलण्याचा यत्न करतो, तो केवळ सौजन्यापोटी नव्हे. शब्द बदलला की मागणीचे स्वरूप बदलते : 'मूल कोणाचे' या वादातून 'सकाळी शाळेत कोण सोडणार, ताप आला तर रजा कोण काढणार' या बोलण्यापर्यंत येता येते.

कायद्याने या कामासाठी कोणती व्यवस्था केली आहे, हे साहित्याच्या वाचकालाही माहीत असणे इष्ट आहे. कुटुंब न्यायालय अधिनियम १९८४ साली झाला आणि महाराष्ट्रात पुणे व मुंबई येथे १९८९ मध्ये अशी न्यायालये सुरू झाली. या अधिनियमाच्या नवव्या कलमाने न्यायालयावर कर्तव्य टाकले आहे की, प्रकरणाचे स्वरूप पाहून शक्य असेल तेथे आधी समेटाचा यत्न करावा. सहाव्या कलमान्वये समुपदेशक नेमले जातात. पाचव्या आणि बाराव्या कलमांन्वये समाजसेवी संस्था, वैद्यकीय आणि कुटुंबकल्याणाच्या क्षेत्रातील जाणकार यांचे साहाय्य घेता येते. तेराव्या कलमाप्रमाणे पक्षकाराला वकिलामार्फत बोलण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. मुलांच्या बाबतीत १८९० चा पालक व पाल्य अधिनियम आणि हिंदूंसाठी १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम लागू होतो. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे, असे त्यात म्हटले आहे. आणि सर्वांवर मुलाचे कल्याण हा निकष आहे. मूल पुरेसे जाणते असेल तर त्याची पसंती विचारात घेण्याची मुभा १८९० सालीच दिली गेली होती, हे विशेष.

म्हणजे अझ्दाकसारखा एकटा चतुर माणूस येथे अभिप्रेत नाही. येथे एक मंडळी आहे, आणि तिचे नेतृत्व कोणाला तरी करावे लागते. हे नेतृत्व करणाऱ्या प्रमुख समुपदेशकाचे काम बाहेरून फार मामुली दिसते. आधी कोणाला भेटायचे, दोघांना एकत्र केव्हा बसवायचे, आजी-आजोबांना आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे, मुलाशी बोलायचे असेल तर ते कोणी, कुठे आणि किती वेळा. सहकाऱ्यांपैकी कोणाचे मन नकळत एका बाजूला झुकले आहे. भेटीची वेळ शनिवार दुपारची असावी की रविवार सकाळची. यातून एकही नाट्यपूर्ण वाक्य निघत नाही. पण एकाच मुलाला चार अधिकाऱ्यांनी चार वेळा 'तुला कोणाकडे राहायचे आहे' असे विचारले, तर वर्तुळ नव्याने आखले गेलेच. खडू तेवढा दिसत नाही. मंडळीच्या प्रमुखाची खरी कसोटी हा प्रश्न किती वेळा विचारला जाऊ नये, हे ठरवण्यात आहे.

याला साहित्यात कोठे पूर्वरूप आहे काय? ब्रेख्तच्याच नाटकात ते आहे, पण न्यायासनावर नाही. त्या नाटकातला गायक न्यायालयाच्या प्रसंगी पुढे येतो आणि ग्रुशाच्या मनात आले पण तिने बोलून दाखवले नाही, ते श्रोत्यांना ऐकवतो. समुपदेशकाचे काम याहून फार वेगळे नाही. तो कोणाचा वकील नसतो, पण प्रत्येकाच्या न बोललेल्या वाक्याला जागा करून देतो.

आपल्या पुराणांतही एक विलक्षण प्रसंग आहे. बृहस्पतीची पत्नी तारा हिला चंद्राने नेले. देवदानवांचे युद्ध पेटले. अखेर ती परतली ती गर्भवती होऊन. मूल जन्मताच त्याचे तेज पाहून बृहस्पती आणि चंद्र दोघेही ते आपले म्हणू लागले. देव आणि ऋषी सर्वांसमक्ष तारेला विचारू लागले आणि ती लाजेने गप्प राहिली. तेव्हा ते मूलच संतापून आईला विचारते की, तू बोलत का नाहीस? भागवताच्या नवव्या स्कंधात यापुढे जे घडते ते मननीय आहे. ब्रह्मदेव तारेला एकांतात बोलावतो, तिचे सांत्वन करतो आणि मग हळूच विचारतो. तेव्हा ती चंद्राचे नाव सांगते. सभेत जे उत्तर मिळाले नाही ते एकांतात मिळाले, धाकाने जे मिळाले नाही ते सांत्वनाने मिळाले. हा क्रमही पाहावा : आधी सांत्वन, मग प्रश्न. तरीसुद्धा पुराणकथा एका ठिकाणी थांबतेच. मूल कोणाचे हे ठरते. त्या बुधाला आपल्या जन्माच्या भांडणाविषयी काय वाटले, हे त्याच्या एका संतप्त वाक्यापलीकडे आपल्याला कळत नाही.

मुलाला काय कळते, या प्रश्नाला सर्वस्व मानून लिहिलेली कादंबरी म्हणजे हेन्री जेम्सची 'व्हॉट मेझी न्यू'. ती १८९७ साली प्रसिद्ध झाली. छोट्या मेझीचे आईबाप घटस्फोट घेतात. न्यायालय आधी मुलीला बापाकडे देते, पण तिच्या खर्चासाठी मिळालेली रक्कम परत करणे त्याला जमत नाही, म्हणून तडजोड होते : सहा महिने आईकडे, सहा महिने बापाकडे. जेम्स येथे शलमोनाचे नाव मुद्दाम घेतो. तलवार पडली नाही एवढेच. मुलीची वाटणी झालीच. ही तडजोड कागदावर निर्दोष दिसते. दोन्ही पक्षांना सारखा वाटा मिळालेला असतो. तिच्या पोटी काय जन्मते, ते कादंबरी दाखवते. मेझी एका घरातले अपशब्द दुसऱ्या घरात पोचवणारी टपालाची पेटी बनते. मग एके दिवशी तिला आपल्या हाती असलेले एकमेव शस्त्र सापडते : न बोलणे, न कळल्यासारखे दाखवणे. ती बावळट झाली असे मोठी माणसे म्हणतात. खरे तर तिने स्वतःचे रक्षण केलेले असते.

मुलांच्या प्रकरणांत काम करणारी मंडळी ज्या मौनासमोर बसतात, ते हेच मौन होय. मूल 'मला माहीत नाही' म्हणते त्याचा अर्थ अनेकदा 'मला सर्व माहीत आहे' असाच असतो. जेम्सने सव्वाशे वर्षांपूर्वी हे ओळखले, ते कोणत्याही मानसशास्त्रीय अहवालाच्या आधाराविना. समसमान वाटणी म्हणजेच न्याय, असे मानणाऱ्या प्रत्येक मध्यस्थाने ही कादंबरी वाचावी. विधी आयोगाने २०१५ सालच्या आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त सांभाळाचा पुरस्कार केला आहे आणि त्यामागचा विचार स्वागतार्ह आहे. परंतु संयुक्त सांभाळ म्हणजे वेळेची निम्मेनिम वाटणी नव्हे. निरोप मुलाकरवी न पाठवता थेट एकमेकांना देण्याची दोन मोठ्या माणसांची तयारी म्हणजे संयुक्त सांभाळ. ती तयारी नसेल तर वेळापत्रक कितीही काटेकोर असले तरी मुलाच्या डोक्यावरची टपालाची पेटी उतरत नाही.

आपल्या जवळचे उदाहरण घ्यावयाचे तर ते हिंदीत आहे. मन्नू भंडारी यांची 'आपका बंटी' ही कादंबरी १९७१ साली पुस्तकरूपाने आली. भंडारी यांचा जन्म माळव्यातील भानपुऱ्याचा, त्यामुळे इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी वाचकाला त्या कधीच परक्या वाटल्या नाहीत. शकुन महाविद्यालयाची प्राचार्य आहे. अजय कलकत्त्याला दुसरा संसार थाटतो. बंटी दोघांच्या मध्ये आहे. बाप गावात येतो तेव्हा सर्किट हाउसमध्ये उतरतो आणि मुलगा तेथे त्याला भेटायला जातो. आजच्या न्यायालयीन भाषेत ज्याला 'भेटीचा हक्क' म्हणतात, त्याचे इतके अचूक चित्र आपल्या भाषांत क्वचितच सापडेल : ठरावीक तास, भेटवस्तू, उसना उत्साह आणि परतताना दाटून आलेला गोंधळ. भंडारी कोणालाही खलनायक करीत नाहीत. शकुनला स्वतःशी कबूल करावे लागते की अजयला दुखवण्याचे साधन म्हणून आपण बंटीकडे पाहत आलो. असे कबूल करण्यासाठी तिला कोणतेही न्यायालय लागत नाही, पण तोवर उशीर झालेला असतो. शेवटी बंटी वसतिगृहाकडे निघालेल्या गाडीत बसलेला असतो.

या कादंबरीत एक मध्यस्थ आहे, आणि त्याच्याकडे समीक्षेने पुरेसे पाहिलेले नाही. ते म्हणजे वकील चाचा. दोघांचे हितचिंतक, समजूतदार, व्यवहारी. कागदपत्रे तेच आणतात, निरोप तेच सांगतात, शकुनने नव्याने आयुष्य सुरू करावे हेही तेच सुचवतात. त्यांचा एकही शब्द दुष्ट नाही. असे असूनही त्यांच्या मध्यस्थीतून मूल निसटते, कारण त्यांची मध्यस्थी दोन मोठ्या माणसांमधली आहे. तिसरा पक्ष जमिनीवर बसून खेळतो आहे आणि कान देऊन ऐकतो आहे, याची त्यांना जाणीव असली तरी त्याच्यासाठी त्यांच्यापाशी वेळ नाही. आपल्या प्रत्येक कुटुंबात असा एखादा वकील चाचा असतो. काका, मामा, शेजारचे निवृत्त मास्तर. समेट घडवण्याचा त्यांचा सद्भाव निर्विवाद असतो. पण समेट हा मोठ्यांचा होतो आणि त्याची किंमत मूल देते, असे वारंवार घडते. न्यायालयाच्या मंडळीला या सद्भावापलीकडे काही अधिक करावयाचे असते, आणि ते अधिक म्हणजे रिकाम्या दिसणाऱ्या तिसऱ्या खुर्चीची आठवण सतत ठेवणे.

मराठीत काय आहे? घटस्फोट आणि दुरावा यांच्या कथा आपल्याकडे कमी नाहीत. गौरी देशपांडे, सानिया यांच्यासारख्या लेखिकांनी विवाहसंस्थेतील स्त्रीची घुसमट आणि तिचे बाहेर पडणे यांना नवी भाषा दिली. ती दृष्टी स्त्रीची होती आणि तशी ती असणे आवश्यकच होते. शतकानुशतके ती दडपलेली होती. न्यायालय म्हटले की मात्र आपल्याला आठवते ते विजय तेंडुलकरांचे १९६७ सालचे 'शांतता! कोर्ट चालू आहे'. खेळ म्हणून सुरू झालेल्या खटल्यात बेणारेबाई आरोपीच्या पिंजऱ्यात सापडते, आणि निकाल दिला जातो तो तिच्या पोटातल्या, अद्याप न जन्मलेल्या मुलाविरुद्ध. मराठीतील सर्वांत गाजलेल्या न्यायालयीन नाटकात मुलाचा निकाल लागतो आणि त्या निकालात मुलाचे कल्याण हा शब्द एकदाही सुचत नाही. तेंडुलकरांनी दाखवली ती गावगप्पांची क्रूरता. कौटुंबिक न्यायालयाच्या अकराव्या कलमात, कोणत्याही एका पक्षाची इच्छा असेल तर कामकाज बंद दारामागे चालवावे, अशी तरतूद आहे. तिचे महत्त्व ज्याला समजत नसेल त्याने तेंडुलकरांचे नाटक पुन्हा पाहावे.

येथवर मध्यस्थीची बाजू मांडली. तिच्या मर्यादा न सांगितल्या तर ही समीक्षा न राहता प्रशस्तिपत्र होईल. समेट हा शब्द कानाला गोड आहे आणि म्हणूनच धोक्याचा आहे. ज्या घरात मारहाण झाली आहे, तेथे दोघांना समोरासमोर बसवून 'मुलाकडे पाहून मिटवून घ्या' असे सांगणे म्हणजे दुर्बलाच्या गळ्यावर मूल ठेवणे होय. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तात्पुरत्या सांभाळाचा आदेश देताना, भेटीने मुलाला अपाय होणार असेल तर भेट नाकारण्याचाही अधिकार दंडाधिकाऱ्याला दिला आहे, तो याचसाठी. १९८४ चा अधिनियम न्यायाधीशांची निवड करताना विवाहसंस्थेच्या जतनाविषयी आणि मुलांच्या कल्याणाविषयी आस्था एकत्र अपेक्षितो. या दोन आस्था प्रत्येक वेळी एकाच दिशेला जातातच असे नाही. कधी लग्न मोडणे हेच मुलाच्या कल्याणाचे असते. आकडेवारीत 'समेट' या रकान्यात एक खूण वाढावी म्हणून बैठका लांबवणारा प्रमुख आणि योग्य वेळी 'हे प्रकरण मध्यस्थीचे नाही' असे सांगून ते न्यायाधीशाकडे परत पाठवणारा प्रमुख, यांतील दुसरा अधिक मोठे काम करतो, जरी त्याच्या नावावर एक अपयश नोंदले जात असले तरी.

दुसरी अडचण विश्वासाची आहे. मध्यस्थीत बोललेले बाहेर जाणार नाही, या हमीवर माणसे मन मोकळे करतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली एका सांभाळाच्या प्रकरणात असे ठरवले की, मध्यस्थीच्या ओघात समुपदेशकाने मुलाविषयी दिलेला अहवाल न्यायालयापुढे येऊ शकतो, कारण मुलाच्या हिताची जबाबदारी न्यायालयाचीच आहे. तर्क बिनतोड आहे. पण जे मूल खेळता खेळता एक वाक्य बोलून गेले, ते वाक्य उद्या आईबापांच्या वकिलांच्या हाती पडणार आहे, हे त्या मुलाला कोणी सांगायचे आणि कोणत्या शब्दांत? ही अडचण कायद्याने सुटणारी नाही. ती त्या खोलीत बसलेल्या माणसाच्या विवेकाने रोज थोडी थोडी सोडवावी लागते. कादंबरीचा खरा विषय तो हाच.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी समाजाला या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. बेळगाव, बडोदा, हैदराबाद, इंदूर येथे वेगवेगळ्या भाषांची घरे लग्नाने जोडली जातात. अशी घरे दुभंगली की मूल कोणाकडे राहील, या प्रश्नाबरोबर ते कोणत्या भाषेत वाढेल, कोणत्या आजीच्या गोष्टी ऐकेल, हाही प्रश्न येतो. अर्जात तो लिहिलेला नसतो, कारण त्यासाठी रकाना नाही. भाषा टिकवण्याची चिंता वाहणाऱ्या आपल्या मंडळांनी हे ध्यानात घ्यावे की, मुलाच्या दृष्टीने भाषा म्हणजे एक माणूस असतो. तो माणूस दूर गेला की ती भाषा त्याला दुखवू लागते. तीच आपल्याकडे राहावी म्हणून रस्सीखेच करणे, हेही एक वर्तुळच आहे.

जुन्या कथेतली आई हात सोडते आणि तिला मूल परत मिळते. जेम्सने आणि भंडारींनी दाखवले की खऱ्या जगात हात सोडल्याने किंवा न सोडल्याने प्रश्न सुटत नाही. दोघांनीही थोडे सोडावे, थोडे धरावे, आणि मुलाने मधल्या जागेत निर्धास्त चालावे, अशी व्यवस्था कोणाला तरी धीराने उभी करावी लागते. ती उभी करणारा माणूस अजून मराठी कथेत पात्र म्हणून आलेला नाही. न्यायाधीश आला, वकील आला, आरोपी आला. पण दुपारच्या तीनच्या तारखेला दोन चिडलेल्या माणसांना पाणी देऊन बसवणारी, आणि पलीकडच्या खोलीत रंगखडू घेऊन बसलेल्या मुलावर एक नजर ठेवणारी समुपदेशक आपल्या साहित्यात कोठे आहे? तिच्या कामाला टाळ्या पडत नाहीत, हे तिच्यावर न लिहिण्याचे कारण होऊ शकत नाही. ज्या दिवशी कोणी मराठी लेखक तिच्या खुर्चीवर बसून ते घर, ते वेळापत्रक आणि ते मौन पाहील, त्या दिवशी आपल्याला महोसधाच्या रेघेची गरज राहणार नाही.